चर्नी रोडच्या बागेत वाचणारा मुलगा : किशोरवयीन भीमराव आणि आपल्या विहारांतील वाचनालये

एप्रिल महिना आला की महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत, वसतिगृहांत आणि बुद्धविहारांत अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. पहाटेपासून मुले-मुली ओळीने बसतात आणि रात्रीपर्यंत वाचतात. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अभ्यासातून अभिवादन करण्याची ही पद्धत स्तुत्यच आहे. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या मनावर यातून काय ठसते, याचाही विचार व्हायला हवा. वाचन म्हणजे कष्ट, झोप मोडणे, परीक्षा, नोकरी. बाबासाहेब म्हणजे न झोपता वाचणारे कुणीतरी फार मोठे, आपल्या आवाक्याबाहेरचे.

बाबासाहेब स्वतः तेरा-चौदा वर्षांचे असताना काय वाचत होते, कुठे बसून वाचत होते, त्यांच्या हातात पुस्तक कोण देत होते, हे मात्र आपण मुलांना फारसे सांगत नाही. ते सांगितले तर मुलांना बाबासाहेब अधिक जवळचे वाटतील आणि आपल्या वाचनालयांत काय करायला हवे, तेही कळेल. म्हणून हे चरित्र आज पुस्तकांच्या अंगाने.

सुभेदारांच्या घरातले वाचन

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. रामजी सुभेदार आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. रामजी हे लष्करी शाळेत शिकवलेले, मराठी आणि इंग्रजीची चांगली जाण असलेले गृहस्थ. घराणे कबीरपंथी. भीमराव पाच वर्षांचे असताना आई गेली. पुढे आत्या मीराबाई यांनी घर सांभाळले.

या घरात वाचनाची सुरुवात कानांनी झाली. रामजी मुलांना जवळ बसवून रामायण-महाभारतातले भाग वाचायला लावत, संतांचे अभंग आणि कबीराचे दोहे म्हणवून घेत. रात्री घरी येणारी मंडळीही ऐकायला बसत. म्हणजे पुस्तक ही एकट्याने कोपऱ्यात बसून पाठ करण्याची वस्तू नव्हती. ते घरात मोठ्याने वाचले जाई आणि सगळे मिळून ऐकत. पुढे याच वाचनातून एक मोठा प्रश्न निघाला. तो पुढे येईलच.

साताऱ्याचा खोडकर मुलगा

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे. शिपाई नसला तर पाणी नाही. हे सगळे आपल्याला ठाऊक आहे.

कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की त्या वयात भीमराव काही पुस्तकातला किडा नव्हते. त्यांना झाडे लावण्याचा नाद होता, शेळ्या वळण्यात रस होता. सातारा स्टेशनवर त्यांनी हमालीही करून पाहिली. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचे, असेही एकदा मनात आले. गाडीभाड्यासाठी त्यांनी शेजारी झोपणाऱ्या आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी काढण्याचा तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री ती हाती लागली, पण आत निघाला फक्त अर्धा आणा. तेवढ्यात मुंबई काही गाठता येत नव्हती. स्वतःचीच लाज वाटून त्यांनी पळून जाण्याचा बेत सोडला आणि नीट अभ्यास करायचे ठरवले. ही हकिकत त्यांनीच पुढे सांगितली आहे.

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी आज पुस्तकाला हात लावत नाही म्हणून ती कायम तशीच राहील, असे समजणाऱ्या पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. वाचनाची गोडी प्रत्येकाला एकाच वयात लागत नाही.

परळची खोली आणि जादा पुस्तके

सुभेदार मुलांना घेऊन मुंबईला आले ते परळच्या चाळीत. राहायला एक खोली. तिच्यातच स्वयंपाक, लाकडे, जाते आणि शेळीसुद्धा. बापलेकांनी त्यावर तोडगा काढला होता. भीमराव लवकर झोपत, सुभेदार जागे राहत. रात्री दोनच्या सुमारास ते मुलाला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. मग दिव्याच्या उजेडात भीमरावांचा अभ्यास चाले.

एल्फिन्स्टन हायस्कूल ही मुंबईतली नावाजलेली सरकारी शाळा. पण तिथेही जात आडवी आलीच. एकदा गणित सोडवायला भीमरावांना फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गातली मुले डबे उचलायला धावली. संस्कृत शिकायची इच्छा होती, पण ते शिकू दिले गेले नाही. फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केले.

याच काळात भीमरावांना पाठ्यपुस्तकांबाहेरच्या वाचनाचे वेड लागले. सुभेदारांना ते सुरुवातीला फारसे रुचत नव्हते. आधी शाळेची पुस्तके पुरी कर, मग बाकीचे, असे त्यांचे मत. कोणत्याही बापाचे असते तसेच. तरीही मुलाने एखादे पुस्तक मागितले आणि सुभेदारांनी नाही म्हटले, असे झाले नाही. हातात पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलीकडे जात आणि उसने पैसे आणत. मुलीकडेही पैसे नसले तर तिचा एखादा दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत. अशा रीतीने त्या घरात पुस्तके येत.

यातली दोन माणसे आपण बहुतेक वेळा विसरतो. पहिले सुभेदार, ज्यांनी मनाला पटत नसतानाही मुलाच्या आवडीचे पुस्तक आणून दिले. आणि दुसऱ्या भीमरावांच्या बहिणी, ज्यांच्या अंगावरचा दागिना भावाच्या पुस्तकासाठी सावकाराच्या पेटीत जाऊन बसे. त्यांना स्वतःला शाळेचा तेवढा लाभ मिळाला नाही. आपल्या वाचनालयांत मुली किती येतात, हे मोजताना त्या बहिणींची आठवण ठेवायला हवी.

बागेतले गुरुजी

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. त्याच बागेत विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यायचे. केळुसकर गुरुजी कोकणातले. मराठीतले नामवंत चरित्रकार. छत्रपती शिवाजी महाराजांचे आणि संत तुकारामांचे चरित्र त्यांनी लिहिले. गौतम बुद्धांचे चरित्रही लिहिले.

इतर मुले खेळत असताना हा एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसतो, हे गुरुजींच्या नजरेत भरले. त्यांनी चौकशी केली. मुलगा अस्पृश्य समाजातला आहे हे कळल्यावर ते दूर झाले नाहीत, उलट अधिक जवळ आले. त्यांनी त्याला वाचायला पुस्तके दिली, कसे वाचावे ते सांगितले. भीमराव त्यांच्या शाळेतला नव्हता. त्याला शिकवणे हे त्यांचे काम नव्हते, त्याच्या निकालाशी त्यांचा काही संबंध नव्हता. एका वाचणाऱ्या माणसाने दुसऱ्या वाचणाऱ्या मुलाला ओळखले, एवढेच.

ग्रंथालयशास्त्रात आज किशोरवयीन वाचकांसाठी जे उपक्रम सांगितले जातात, त्यांचा गाभा हाच आहे. मुलाला बसायला मोकळी जागा, त्याच्या आवडीचे पुस्तक आणि त्याच्याकडे लक्ष असणारे एक मोठे माणूस. भीमरावांना हे तिन्ही एका सार्वजनिक बागेत मिळाले, कारण त्यांच्यासाठी तसे वाचनालय नव्हते.

एक भेट आणि एक प्रश्न

भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा समाजाने त्यांचा सत्कार केला. बाबासाहेबांनी स्वतः ही परीक्षा इंग्रजी चौथीची असल्याचे लिहिले आहे. चरित्रकार ती १९०७ सालची मॅट्रिकची सांगतात. कोणतीही धरली तरी भीमराव किशोरवयातच होते. त्या सत्काराच्या वेळी केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले.

ते पुस्तक कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते. त्यावर प्रश्न येणार नव्हते, गुण मिळणार नव्हते. भीमरावांनी ते वाचले आणि ते हलले. मग त्यांनी वडिलांपुढे प्रश्न ठेवला. आपण रामायण-महाभारत का वाचतो? ज्या ग्रंथांत ब्राह्मण आणि क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांचा कमीपणा पुन्हा पुन्हा सांगितला आहे, ते आपल्याला का वाचायला लावता? बुद्धाचे साहित्य आपल्या हातात का दिले नाही?

सुभेदारांनी समजावले, की आपण अस्पृश्य म्हणून गणले जातो, त्यामुळे मनात न्यूनगंड येऊ शकतो. द्रोण, कर्ण यांच्यासारखी साध्या स्थितीतून वर आलेली माणसे, वाल्मीकीसारखा ग्रंथकर्ता यांच्या गोष्टी वाचल्या की तो न्यूनगंड जातो. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मुलाला दिसले, पण त्याचे समाधान झाले नाही. महाभारतातली कोणतीच व्यक्ती त्याला मनापासून आवडली नव्हती.

या प्रसंगाकडे नीट पाहिले तर वाचन म्हणजे काय ते समजते. घरात मोठ्याने वाचले गेलेले ग्रंथ आणि बागेतल्या गुरुजींनी दिलेले पुस्तक, ही दोन्ही मुलाच्या मनात शेजारी शेजारी आली. त्याने तुलना केली. वडिलांना आदराने, पण स्पष्टपणे विचारले. आणि वडिलांनी त्याला गप्प बसवले नाही. बुद्धाकडे आपण रिकाम्या मनाने गेलो नव्हतो, आधीच्या वाचनामुळे तुलना करता आली, हे बाबासाहेबांनी पुढे आवर्जून नोंदवले आहे. एकच ग्रंथ पाठ केलेल्या मुलाला हे जमले नसते. वेगवेगळी पुस्तके मोकळेपणाने वाचणाऱ्या मुलाला ते जमले.

सयाजीरावांचे बडोदे

मॅट्रिकनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा पुन्हा केळुसकर गुरुजीच पुढे झाले. त्यांच्या खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची भेट झाली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत सुभेदारांचे निधन झाले आणि त्याच वर्षी बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

सयाजीराव महाराजांचा पुस्तकांशी असलेला संबंध शिष्यवृत्तीपुरता नव्हता. त्यांनी आपल्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. शाळेत शिकलेली मुले पुस्तकांअभावी अक्षरे विसरून जातील, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय, हा विचार करून त्यांनी वाचनालयांची चळवळ उभारली. अमेरिकेतली ग्रंथालये त्यांनी स्वतः पाहिली होती. १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले, त्यात मुलांसाठी वेगळा विभाग झाला. गावोगावी वाचनालये निघाली. जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून फिरती वाचनालये पाठवली गेली. आज आपण ज्याला वाचनालयाचे उपक्रम म्हणतो, ते बडोद्यात शंभर वर्षांपूर्वी चालू होते.

पण चांगले ग्रंथालय असले तरी समाज आपोआप बदलत नाही, हेही बडोद्यानेच दाखवले. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीत शिपाई त्यांच्याकडे फायली लांबून फेकत. प्यायला पाणी मिळत नसे. राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहात आसरा घेतला, तर जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढले. या अपमानाच्या दिवसांत कचेरीत काम नसे तेव्हा ते सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसत, असे चरित्रकार सांगतात. ज्या शहरात एकही घर त्यांना ठेवून घेत नव्हते, त्या शहरातले ग्रंथालय त्यांना थोडा वेळ तरी निवारा देत होते.

न्यूयॉर्क आणि लंडन

कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांना पहिल्यांदा मोकळी हवा मिळाली. तिथे कुणी डबे उचलायला धावत नव्हते. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असला तरी इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान अशा कितीतरी वर्गांत ते जाऊन बसले. सेलिग्मन, जॉन ड्युई यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. आणि जुन्या पुस्तकांची दुकाने सापडली. चरित्रकार धनंजय कीर यांनी न्यूयॉर्कमध्ये घेतलेल्या पुस्तकांचा आकडा सुमारे २ हजार दिला आहे. शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशांतून घरी रमाबाईंना पैसे पाठवायचे, पोटाला चिमटा काढायचा आणि उरलेल्या पैशांची पुस्तके घ्यायची, असा हिशेब.

१९१७ मध्ये परतताना बोटीने पाठवलेले सामान महायुद्धात पाणतिराने बुडाले. त्यात पुस्तकेही गेली. नुकसानभरपाईचे सुमारे ६०० रुपये मिळाले, ते घरखर्चाला लागले. पैशाची भरपाई झाली, पण निवडून निवडून घेतलेली पुस्तके काही परत आली नाहीत. तरी माणूस थांबला नाही. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी सर्वांत आधी पोहोचणाऱ्यांत ते असत आणि बंद होताना सर्वांत शेवटी निघत. दुपारच्या जेवणाला पैसे आणि वेळ दोन्ही नसत. रात्री खोलीवर भाजलेले पापड खाऊन भूक भागवत. याच काळात त्यांनी अर्थशास्त्रातली पदवी मिळवली, बॅरिस्टर झाले आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिला.

अठरा तास वाचणारे बाबासाहेब आपण पाहतो ते हे. पण ते इथे अचानक आलेले नाहीत. भूक विसरून वाचायला लावणारी शक्ती शिस्तीतून थोडी आणि गोडीतून जास्त येते. ती गोडी परळच्या खोलीत आणि चर्नी रोडच्या बागेत लागली होती.

सभेचे मोफत वाचनालय

विलायतेहून परतल्यावर बाबासाहेबांनी १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेचे नाव घेताना आपण तिचे ब्रीद सांगतो, पण उद्दिष्टे वाचत नाही. त्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासमंडळे काढण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. १९२५ च्या जानेवारीत सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुंबईत मोफत वाचनालय चालवले. त्याच सभेच्या छत्राखाली विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक काढले आणि गिरणी भागातल्या तरुणांसाठी हॉकीचा संघही निघाला.

वाचनालय, मुलांनी स्वतः चालवलेले मासिक आणि हॉकी, हे तिन्ही एकत्र. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला अजून तीन वर्षे होती. समाज उभा करायचा तर तरुण मुलांना वाचायला, लिहायला आणि खेळायला जागा दिली पाहिजे, हे बाबासाहेबांनी सुरुवातीलाच ओळखले होते. ज्या मुलाला बागेत बसून वाचावे लागले, त्याने मोठेपणी पुढच्या मुलांसाठी वाचनालय काढले.

राजगृह ते सिद्धार्थ महाविद्यालय

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव घेतलेले हे घर प्रामुख्याने पुस्तकांसाठी होते. चाळीच्या खोलीत पुस्तके मावेनात म्हणून बांधलेले घर, असे दुसरे उदाहरण आपल्या समाजात नाही. तिथे कायदा आणि अर्थशास्त्र होतेच, पण चरित्रे, धर्मग्रंथ, इतिहास आणि वाङ्मयही होते. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले, चित्रकलेचा नाद केला. पुस्तकांवर त्यांचे प्रेम होते ते अशा रसिक माणसाचे प्रेम होते.

१९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि नंतर औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. बुद्धाच्या आणि भिक्खू नागसेनाशी संवाद करणाऱ्या राजाच्या नावाने महाविद्यालये काढताना ग्रंथालयाकडे त्यांनी जातीने लक्ष दिले. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांनी आपल्या आठवणींत बाबासाहेबांच्या पुस्तकप्रेमाबद्दल लिहिले आहे.

शेवटची रात्र

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर सात आठवड्यांनी, ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीत अलिपूर रोडवरच्या घरी त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद मागवून घेतले. सचिव नानकचंद रत्तू यांनी ते उशाशी आणून ठेवले. ६ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी झोपेतच महापरिनिर्वाण झाले.

धम्माकडे आपण कसे वळलो हे सांगताना याच ग्रंथासाठी बाबासाहेबांनी केळुसकर गुरुजींच्या त्या पुस्तकाची, वडिलांबरोबर झालेल्या त्या बोलण्याची हकिकत लिहिली होती. जवळपास ५० वर्षांपूर्वी एका शिक्षकाने एका मुलाला पुस्तक दिले होते. मुलगा मोठा झाला, देशाची राज्यघटना घडवली, आणि शेवटी त्या पुस्तकाने दाखवलेल्या वाटेवर लाखो माणसांना घेऊन गेला. आज आपण स्वतःला बौद्ध म्हणवतो, त्याच्या मुळाशी सक्तीचा नसलेला, आवडीने वाचलेला एक मराठी ग्रंथ आहे.

आपल्या वाचनालयांचे काय?

आज गावोगावी, वस्तीवस्तीत बाबासाहेबांच्या नावाची वाचनालये आहेत. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या विक्रीला जशी गर्दी होते, तशी क्वचितच कुठे होत असेल. समाज पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेतो. याचा अभिमान आहेच. पण अनेक ठिकाणी वाचनालयाची अभ्यासिका झाली आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण खुर्च्या धरून बसलेले असतात. त्यांची गरज खरी आहे, त्यांना हुसकावून लावा असे कुणी म्हणणार नाही. मात्र आठवीतली मुलगी गोष्टीचे पुस्तक मागायला आली तर कपाटाची किल्ली सापडत नाही. सापडली तर वर खंड आणि खाली गाईड. मग ती दुसऱ्यांदा येत नाही. घरी मोबाईल असतोच.

चरित्रातून काढता येतील अशा काही गोष्टी विहारांच्या समित्यांनी, महिला मंडळांनी आणि युवक मंडळांनी मनावर घ्याव्यात.

पहिली गोष्ट मोठ्याने वाचण्याची. वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचन होते. मुले मागे बसलेली असतात. त्यांना पुढे बसवावे, एकेक पान त्यांच्याकडून वाचून घ्यावे आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारू द्यावेत. प्रश्न अवघड असला तरी गप्प करू नये. सुभेदारांनी केले नव्हते.

दुसरी गोष्ट निवडीची. बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी एक वेगळे, उघडे कपाट हवे. त्यात बाबासाहेबांचे चरित्र असावे, 'भीमायन'सारखे चित्रांतून सांगितलेले चरित्रही असावे. 'किशोर' मासिक असावे, फास्टर फेणेची साहसे असावीत, अण्णाभाऊ साठेंच्या कादंबऱ्या, वसंत मून यांची 'वस्ती', ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' असावे. रहस्यकथा, विज्ञानकथा, खेळाडूंची चरित्रे असावीत. मुलाने काय घ्यायचे ते मुलाने ठरवावे. अर्धे वाचून परत केले तरी हरकत नसावी. त्यावर निबंध, परीक्षा, बक्षीस काही नको. अनामत रक्कमही नको.

तिसरी गोष्ट वेळेची. रविवारच्या वंदनेनंतर एक तास वाचनालय फक्त मुलांसाठी असावे. तेवढा वेळ अभ्यासिकेतल्या दादा-ताईंनी खुर्च्या मोकळ्या कराव्यात, किंवा त्याहून चांगले म्हणजे त्यांनीच मुलांजवळ बसून वाचावे. वेळ ठरवताना मुलींना विचारावे. संध्याकाळी पाणी भरणे, स्वयंपाक, धाकटी भावंडे त्यांच्याकडे असतात. त्या येऊ शकतील तीच वेळ खरी.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसाची. प्रत्येक वाचनालयात एक तरी केळुसकर गुरुजी हवेत. निवृत्त शिक्षक असोत, गृहिणी असोत, बँकेतला कर्मचारी असो. कोणता मुलगा काय वाचतो आहे, कोणत्या मुलीला काय आवडेल, हे त्यांना ठाऊक असावे. पदाधिकारी आपल्याकडे पुष्कळ आहेत. असे लक्ष देणारे माणूस कमी आहे.

पैशाचा प्रश्न निघेल. जयंतीची वर्गणी आपण जमवतोच. त्यातला ठरलेला हिस्सा दरवर्षी या एका कपाटासाठी बाजूला काढला, तर वस्तीवर वेगळा बोजा पडणार नाही. ज्या घरात पुस्तकासाठी दागिना गहाण पडत होता, त्या घराच्या वारसांना एवढे जड नाही.

अठरा तास अभ्यास चालू राहू द्या. त्याच्या जोडीला आठवड्यातला हा एक तास सुरू करा. त्या तासाला आलेली सगळीच मुले बॅरिस्टर होणार नाहीत, व्हायचे कारणही नाही. ती पुस्तकाला घाबरणार नाहीत, दोन पुस्तके शेजारी ठेवून विचार करतील आणि मोठ्यांना निर्भयपणे प्रश्न विचारतील. धम्मालाही तेच अपेक्षित आहे. येत्या आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल. तोवर कपाटाची किल्ली शोधून ठेवूया.

जय भीम! नमो बुद्धाय!